सुगराभाभींचं निळं पिंप

गेल्या महिन्यात रमीझचा मुंब्र्याहून फोन आला. आईचा एखादा फोटो तुमच्याकडे आहे का, असं त्याने विचारलं. आधार कार्डावरचा सोडला तर त्याच्याकडे एकच आहे, आणि त्यात तिने ओढणी तोंडापुढे धरलेली आहे. माझ्याकडेही फोटो नव्हता. तसं सांगितलं आणि फोन ठेवला. मग दिवसभर मला चैन पडलं नाही.

सुगराभाभी जूनमध्ये मुंब्र्याला वारल्या. बावीस वर्षं त्या माझ्या शेजारी होत्या. आमच्या दोन घरांमध्ये चिऱ्यांचा गडगा आहे, कमरेएवढा. बावीस वर्षं आम्ही जे काही बोललो ते या गडग्यावरून. त्यांचं माहेर राजापूरकडचं की रत्नागिरीकडचं, हे मला माहीत नाही. त्यांचं वय मला माहीत नाही. त्यांना वाचता येत होतं का, याचीही मला खात्री नाही. कागद माझ्या हातात द्यायच्या आणि "चष्मो खंय ठेवलंय कोण जाणे" म्हणायच्या, पण त्यांना चष्मा लावलेलं मी कधी पाहिलं नाही. एवढ्या कमी माहितीवर कुणाबद्दल लिहावं की नाही, हेही मला समजत नाही. मी पत्रांपलीकडे काही लिहिलेलं नाही. पण फोटो नाही, तर जे आहे ते द्यावं असं वाटलं. त्यातली एक गोष्ट रमीझलाही माहीत नाही.

मला या भागात सगळे मास्तर म्हणतात. मी मास्तर नव्हतो. तालुक्यातल्या एका हायस्कुलात चौतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होतो. म्हणजे परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, सर सांगतील ती द्रावणं करून ठेवायची आणि तास संपला की टेबलं पुसायची. आचऱ्याच्या अलीकडे या वाडीत मी घर घेतलं तेव्हा सामान आणणाऱ्या टेंपोवाल्याने हायस्कुलाचं नाव ऐकलं आणि मास्तर म्हणाला. त्याला "मास्तर नाही" म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. पुढे म्हणायची वेळ निघून गेली.

सुगराभाभींच्या घरात त्या एकट्याच असायच्या. त्यांचे यजमान मुख्तारभाई आधी जहाजावर आणि मग दुबईला होते. वर्षा-दोन वर्षांनी यायचे, महिनाभर राहायचे, आणि त्या महिन्यात पलीकडून रेडिओ ऐकू यायचा. अकरा वर्षांपूर्वी ते दुबईतच वारले आणि तिथेच त्यांना दफन केलं. रमीझ मुंब्र्याला एसी दुरुस्तीच्या कामात असतो. मीही एकटाच. माझी बायको गेली, मुलगी पुण्याला. म्हणजे गडग्याच्या दोन्ही बाजूंना एकेक चूल, आणि दोघांनाही एकमेकांच्या फोडणीचा वास येई. "आज तुमची डाळ लागली ओ," असं त्या सांगायच्या, तेव्हा मी धावत आत जायचो. आमच्या बोलण्याची पातळी एवढीच होती.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात त्यांनी आंब्याची कलमं केली. हे मला पहिल्यांदा कळलं ते आवाजावरून. दुपारभर पलीकडे काहीतरी कापल्याचा बारीक आवाज येत होता. बघितलं तर भाभी पडवीत पाटावर बसलेल्या, पुढ्यात काळ्या पिशव्यांतली आंब्याची रोपं, कोय अजून खाली लटकलेली, पानं तांबूस आणि मऊ. रोपाचा शेंडा उडवायचा, खुंट मधोमध चिरायचा, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने गुंडाळायचं. त्यांचे हात इतके भराभर चालत होते की मी बघतच राहिलो.

"शिकलास खंय भाभी?"

"वेंगुर्ल्याक. चार दिसांचा शिबिर होता. तुमी तेवा विचारलास, भाभी, खंय गेल्लास म्हणान. मी सांगलंय, पावण्यांकडे."

"खोटा कित्याक सांगलास?"

"जमला नसता तर हसला असतास."

मी हसलो नसतो. पण तसं म्हणालो नाही.

त्यांनी तीनशे कलमं बांधली. ती का बांधली, ते मला थोड्या दिवसांनी कळलं. त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असे, कारण कानाला लावला की त्यांना नीट ऐकू येत नसे, आणि रमीझचा आवाज गडग्याच्या या बाजूला स्वच्छ ऐकू यायचा. मी आत जायला हवं होतं. गेलो नाही.

"अम्मी, तू पडलीस तर कोण बघतलो? हंय ये. खोली रिकामी आसा."

"मी पडतंय कित्याक?"

"गेल्या वर्षी बावीत पडता पडता रवलंस."

"ता शेवाळ होता. शेवाळ घासलंय."

"तुका थंय काय काम आसा ता तरी सांग. बागायत नाय, ढोरां नाय. एकटी बसान भिंतीयेक बगतंस."

मग भाभी म्हणाल्या, "माका कलमां करूक येतत. तीनशे केलंय. तू ऑक्टोबराक सुट्टीयेर येतलंस तवसर ती उभी रवली तर माजो धंदो सुरू झालो असा समज, मगे माका हंय रवांदे. नाय रवली तर तू म्हणशीत थंय मी येतंय. परत तोंड उघडूचंय नाय."

"खरां?"

"मी कदी खोटा बोल्लंय?"

वेंगुर्ल्याची गोष्ट आठवून मला हसू आलं. पण त्या बोलल्या ते खरं होतं. त्यांना त्या घरात राहायचं होतं, आणि राहणं त्यांनी त्या तीनशे पिशव्यांवर लावलं होतं.

ऑगस्टात काड्यांचे डोळे फुटले. रोज सकाळी भाभी ओळींमधून फिरत आणि फुटलेल्या कलमापाशी थांबून काहीतरी पुटपुटत. किती जगली ते मी विचारलं नाही, त्या आपणहून गडग्यापाशी आल्या. "दोनशे अठ्ठ्याण्णव," म्हणाल्या. तो आकडा सांगताना त्यांनी तोंडावरची ओढणी बाजूला केली होती. फोटो असता तर मला तो तेव्हाचा हवा होता.

त्याच आठवड्यात जितेंद्र आला. तो कृषी खात्यातला तरुण सहायक, घाटावरचा, नुकताच इकडे बदलून आलेला. त्याने भाभींना एक छापील कागद दिला. भाभींचा चष्मा नेहमीप्रमाणे सापडत नव्हता, म्हणून तो कागद माझ्याकडे आला. माशांच्या टाकाऊ भागापासून अमिनो आम्ल कसं करायचं, ते त्यात होतं. मासळीची डोकी, आतडी, जेवढी मासळी तेवढाच गूळ, प्लास्टिकचं पिंप, तोंडाला कापड, सावलीत चाळीस दिवस. मग गाळून, भरपूर पाण्यात पातळ करून रोपांना द्यायचं. वाढ जोमाने होते, असं लिहिलं होतं.

"अमिनो म्हणजे काय ओ मास्तरानू?"

आता हे मला येत होतं. चौतीस वर्षं, वर्षाला चार तुकड्या, तोच धडा मी कपाटाशी उभा राहून ऐकला होता. सजीवांचं शरीर कशाचं बनलेलं असतं. पिठूळ पदार्थ, साखर, चरबी, प्रथिनं. बटाट्यावर आयोडीन टाकलं की काळंनिळं होतं. अंड्याच्या पांढऱ्यात कॉस्टिक आणि मोरचुदाचं पाणी घातलं की जांभळं होतं, म्हणजे प्रथिन आहे. सरांची वाक्यंच्या वाक्यं मला पाठ होती. पण पाठ असणं निराळं आणि येणं निराळं, असं मला नेहमी वाटत आलं. म्हणून मी कधी कुणाला काही सांगायला गेलो नव्हतो. त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

माशाचं मांस म्हणजे लांबच लांब माळा. प्रत्येक माळेत मणी ओवलेले. त्या मण्यांना अमिनो आम्लं म्हणतात, आणि ते वीसच जातीचे असतात. झाडाला अख्खी माळ गिळता येत नाही, त्याला तोंड कुठे आहे? माळ कुजून तुटली आणि मणी सुटे झाले की मुळं त्यातले काही उचलतात. बाकीचे मातीत आणखी मोडतात, तेही झाडाच्या कामाला येतात.

"म्हणजे माजा कलम बांगडो खाणार."

"सुटो करून दिलास तर."

"आणि आपल्या अंगात?"

"तेच वीस. आपण मासो खाल्लो की पोटात माळ तुटता, आणि मणी परत आपल्या माळेत ओवले जातत."

भाभी गडग्याला टेकून उभ्या होत्या. त्यांनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं, मग रोपांकडे. "आणि माणूस गेल्यार?"

"मातीत सुटे होतत."

"आमच्या माणसाचे दुबयच्या वाळूत रवले," त्या म्हणाल्या. "थंय काय उगवता?"

मी म्हटलं, "खजूर जातत म्हणे."

त्या जोरात हसल्या. "खजूर! जल्माक कदी खजूर खाल्ल्यान नाय ओ तेणी. दात दुखी." हसता हसता त्या डोळे पुसत आत गेल्या, आणि मला वाटलं की मी काहीतरी बरं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बंदरावरून टप भरून डोकी आणि आतडी घेऊन आल्या. बांगडे, तारले, थोडी सुरमईची डोकी. निळं पिंप धुऊन फणसाखाली ठेवलं होतं. मी भांडी घासायच्या निमित्ताने बाहेर आलो. त्यांनी मासळीचा एक थर घातला, त्यावर गुळाचा चुरा, आणि मग कमरेचा बटवा सोडावा तशी एक पिशवी सोडली आणि मुठीमुठीने जाडं मीठ पसरलं. मग पुन्हा मासळी, गूळ, मीठ.

मीठ कागदात नव्हतं. मी स्वतः वाचला होता कागद. मीठ घालू नका, असंही त्यात नव्हतं. आता विचार करतो तेव्हा वाटतं, तो कागद लिहिणारा घाटावरचाच कुणीतरी असणार. मासा चाळीस दिवस ठेवायचा म्हटल्यावर हात आपोआप मिठाकडे जातो, हे त्याला कुठून माहीत असणार? आमच्या किनाऱ्यावरची सगळी अक्कल मासा कुजू नये यासाठीची आहे. खारवणं, सुकवणं, धुरी देणं. इथे मात्र मासा कुजायलाच हवा होता. मिठात कुजणं थांबतं, माळ तशीच राहते. हे मला तिथे भांडं हातात धरून उभा असताना समजलं. शिवाय ते मीठ शेवटी रोपांच्या मुळाशी जाणार, हेही समजलं.

"मीठ घालतास?" मी विचारलं.

भाभींनी वर न बघताच म्हटलं, "मगे? चाळीस दिस मासो ठेवचो नि मीठ नको? तुमी काय घाटार जलमलास काय ओ मास्तरानू?"

मी हसलो. त्या काही कोळीण नव्हत्या, पण मासळीतलं त्यांना माझ्याहून शंभरपट कळायचं. मी कोण? मी बाटल्या धुणारा. धड्यात मिठाबद्दल काही नव्हतं. समजा मी चुकीचं सांगितलं आणि त्यांचं पिंप बिघडलं, तर? मी भांडं घेऊन आत गेलो. आता वाटतं, तीन सेकंदांचं काम होतं ते. "भाभी, मीठ नको" एवढंच.

चाळीस दिवस मी त्या पिंपाचा वास घेत होतो. कागदात लिहिलं होतं की ताडीसारखा आंबूसगोड वास येईल. तसा वास आला नाही. भाभी मात्र खूश होत्या. एकदा कापड उचलून मला म्हणाल्या, "वास बगा कसो! सुक्या बांगड्यासारखो. येक किडो नाय आत." खरंच किडा नव्हता.

सप्टेंबरच्या अखेरीला त्यांनी गाळलेलं पाणी एका औषधाच्या बाटलीत भरून गडग्यावर ठेवलं. "तुमच्याकडे तपासूची पावडर आसा मां? बगा कसा झाला ता. तुमी बरां म्हटलास तर उद्यापासून घालतंय."

माझ्याकडे मोरचूद होतं, सुपारीवर फवारायचं. कॉस्टिक सोडा मोरीसाठी आणलेला होता. त्या रसाचा गुळामुळे तांबडा रंग होता, म्हणून मी पुष्कळ पाणी घालून तो फिका केला. काचेच्या पेल्यात थोडं कॉस्टिकचं पाणी घातलं आणि मोरचुदाचे चार थेंब. निवृत्त झाल्यापासून मी हे केलं नव्हतं. आणि पेल्यात जांभळा रंग आला. गडद, सुंदर, हायस्कुलात अंड्याला यायचा तसा. माळा तुटल्या असत्या तर तो फिका गुलाबी यायला हवा होता, किंवा यायलाच नको होता. म्हणजे चाळीस दिवसांनंतरही तो मासा मासाच होता. मग बाटलीतल्या रसाचा एक थेंब मी जिभेला लावला. समुद्राच्या पाण्याहून खारट.

मी पेला घेऊन बाहेर आलो. भाभी वाटच बघत होत्या. त्यांनी ओढणीला हात पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. रमीझला यायला चार आठवडे होते. नवं पिंप तयार व्हायला चाळीस दिवस लागणार होते. हे सगळं माझ्या डोक्यात एका वेळी आलं.

"कसो इलो रंग?"

"रंग बरो इलो," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. रंग खरोखर चांगला आला होता. मी असा विचार केला की संध्याकाळपर्यंत नीट शब्द जुळवू आणि सांगू. कदाचित माझा कॉस्टिक जुना असेल. कदाचित थोडं मीठ चालतही असेल. माडाला आपण घालतोच की. संध्याकाळी त्या दिसल्या नाहीत. सकाळी उठलो तेव्हा त्या बादली घेऊन ओळींमधून फिरत होत्या, करवंटीच्या डवलीने एकेका पिशवीत रस घालत. कागदात होतं त्याच्या दुप्पट घालत होत्या, कारण मास्तरांनी बरं म्हटलं होतं. एक दिवसाआड असं त्यांनी पाच वेळा घातलं. पाऊस संपला होता. पाऊस असता तर काहीतरी धुऊन गेलं असतं.

बाराव्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. नेहमीची हाक नव्हती ती. मी पहिल्यांदाच गडग्याला वळसा घालून, रस्त्यावरून, त्यांच्या फाटकातून आत गेलो. पानांच्या कडा मेणबत्तीवर धरल्यासारख्या करपल्या होत्या. कोवळी पानं माना टाकून लोंबत होती. पिशव्यांच्या काठांना पांढरी खरपुडी आली होती. भाभी एका पिशवीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी ती खरपुडी नखाने खरवडली आणि जिभेला लावली.

"मीठ," त्या म्हणाल्या.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"तुमका म्हायत होता?"

"होय."

"कदीपासून?"

"तुमी घातलास तेवापासून. माका खात्री नव्हती भाभी."

"आणि रंग?"

"रंग येवक नको होतो."

फणसावर कावळे ओरडत होते. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. मग जे बावीस वर्षांत सांगितलं नव्हतं ते मी सांगून टाकलं. "मी मास्तर नाय ओ भाभी. मी कदी शिकवलंय नाय. मी थंय बाटल्यो धुवी."

"ता माका म्हायत आसा," त्या म्हणाल्या. "तुमच्या हायस्कुलातलीच पोरां आमच्या मोहल्ल्यात येतत. पयल्याच वर्षी सांगलेला माका."

"मगे मास्तर म्हणतास कित्याक?"

"सगळे म्हणतत म्हणान." त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. आणि मग म्हणाल्या, "बाटल्यो धुवणाऱ्याक तोंड नसता काय ओ?"

एवढंच. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. मी मात्र अजून रोज तो प्रश्न ऐकतो.

त्या दिवशी दुपारपासून आम्ही पाणी घालायला सुरुवात केली. मीठ धुऊन काढायचं तर पिशवीतून पाणी वाहून जायला हवं, हे मी या वेळी सांगितलं. मोठ्याने सांगितलं, आणि दोनदा. मी बावीवरून पाणी ओढत होतो, त्या घालत होत्या. आठ दिवस. दोन म्हातारी माणसं, सकाळी आणि दुपारी. कामापुरतंच बोलणं होतं. "ही ओळ झाली." "थोडा थांबा." "पाय संबाळा." एकदा त्यांनी मला चहा दिला, कपबशीत, बिनसाखरेचा. मला साखर चालत नाही, हे त्यांना कसं माहीत, कुणास ठाऊक. मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

एकेचाळीस कलमं वाचली.

रमीझ ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आला. त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्याने रिकाम्या पिशव्यांचा ढीग पाहिला, आईकडे पाहिलं, आणि एकही शब्द वाकडा बोलला नाही. "काय झाला?" एवढंच विचारलं. मी गडग्याच्या या बाजूला होतो. मला वाटलं, आता माझं नाव येणार. यावं असंही वाटत होतं.

"मीठ जास्त झाला," भाभी म्हणाल्या. "माजीच चूक."

मी तेव्हा पुढे जाऊन बोलायला हवं होतं. बोललो असतो तर रमीझने कदाचित त्यांना आणखी एक पावसाळा दिला असता. चूक शेजाऱ्याचीही आहे, कलमं बांधायला आईला येतात, दोनशे अठ्ठ्याण्णव फुटली होती, हे त्याला कळलं असतं. मी ऐकत उभा राहिलो. म्हणजे माझं गप्प राहणं दोनदा नाही, तीनदा झालं.

दुसऱ्या दिवशी रमीझ मला भेटायला आला. अत्तराची छोटी बाटली आणली होती. "काका," तो म्हणाला, "तिका हंय एकटी सोडून माका थंय झोप येत नाय. तुमी आसास म्हणान येवढे दिस काडलंय." मी त्याला बस म्हटलं, तो बसला नाही. त्याला म्हणालो, "भाभींक रवांदे रे." तो म्हणाला, "तिनाच शब्द दिलो, काका. आता तीच आयकणा नाय."

ते खरं होतं. त्यांनी शब्द दिला होता, आणि त्या सामान बांधत होत्या. एकेचाळीस कलमं जितेंद्र घेऊन गेला. कुठल्या बागेत लावली, ते मी विचारलं नाही. पिंप त्यांनी भंगारवाल्याला देऊन टाकलं.

नोव्हेंबरात, एका गुरुवारी, त्या निघाल्या. नांदगाव स्टेशनावरून गाडी होती. रिक्षा फाटकाशी येऊन उभी होती आणि रमीझ आत कुलपं लावत होता. मी रात्रीच ठरवून ठेवलं होतं काय बोलायचं ते. मी म्हणणार होतो की भाभी, मला माफ करा, आणि रमीझला मी आताच सगळं सांगतो. शब्द अगदी जुळवून ठेवले होते. आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून मी गडग्यापाशी गेलो. त्याही आल्या. त्यांनी नवी चप्पल घातली होती आणि ती बोचत असावी, कारण त्या एका पायावर भार देऊन उभ्या होत्या.

"गाडी कितीक?" मी विचारलं.

"साडेदहाक. रमीझ म्हणता, लेट आसा."

"मगे घाई नाय."

"नाय."

रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

"पाणी घेतलास?"

"घेतलंय. रमीझच्या पिशयेत आसा."

"ऊन वाढला आज."

"होय ओ. भायर येतास तर डोक्यार कायतरी घालून येवा."

"घालतंय."

"बरां. येतंय मगे."

"येवा."